हिरवी गच्ची: आधी पाण्याला वाट

गच्चीवर झाडं लावायची म्हटलं की बोलणं रोपांपासून सुरू होतं. ते वजनापासून व्हायला हवं. एका चौरस मीटरवर रोपांसाठीच्या मिश्रणाचा 10 सेंटिमीटर जाड थर म्हणजे 100 लिटर. हलकं मिश्रण भिजलं की लिटरमागे 1.2 ते 1.5 किलो भरतं, म्हणजे 120 ते 150 किलो. माणसांचा वावर असणारी गच्ची साधारण चौरस मीटरला 150 किलो भार धरूनच बांधतात, आणि मिश्रणाच्या वजनात माणसं अजून धरलेलीच नाहीत. आरसीसी डिझायनरने हिशेब केल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका.

वॉटरप्रूफिंग कठड्यावर मातीच्या वर 15 सेंटिमीटर चढलेलं हवं. हेच राहून जातं आणि पाणी कोपऱ्यातून शिरतं. मग पाइपांची तोंडं बंद करून 5 सेंटिमीटर पाणी 48 तास कोंडा, खालचं छत बघा. माती पडल्यावर गळती शोधायची तर सगळं उपसावं लागतं.

साध्या डांबरी थरात मुळं सहज घुसतात. केसाएवढं टोक फटीत शिरतं, तिथे जाड होतं आणि फट उकलते. म्हणून वर मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा हवा, तोही सांधे वितळवून जोडलेला. नुसता एकावर एक ठेवलेला नको.

त्यावर निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड, मग मिश्रण. बहुतेक गच्च्या या कापडापाशी बिघडतात, असं माझं ठाम मत आहे. बागेतल्या मातीतली बारीक चिकणमाती छिद्रं बुजवते, पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही. पानं मलूल दिसतात, तहान समजून आणखी पाणी घातलं जातं आणि मुळं कुजतात. मिश्रणात चार भाग विटांचा चुरा किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), एक भाग मुरलेलं कंपोस्ट घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त झालं तर ते कुजून मिश्रण खाली बसतं.

गारवा नुसत्या मातीतून येत नाही. एक लिटर पाणी पानांतून उडून जाताना विजेच्या सुमारे 0.68 युनिटइतकी उष्णता घेऊन जातं. कोरडी पडलेली गच्ची सावली देते, पण हा गारवा नाही.

पाइपाच्या तोंडाभोवती 30 सेंटिमीटर फक्त खडी ठेवा, आणि तोंडावर उघडता येणारं झाकण. पावसाळ्यानंतर तिथेच वाकून बघा. पक्ष्यांनी टाकलेलं वड-पिंपळाचं रोप दोन पानांवर असतानाच मुळासकट निघतं.