मोहरीचा दाणा
आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधलं मत्तय 17:20 घेतलं, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो, संडे स्कूलपासून ऐकतेय म्हणून माझं अर्धं लक्ष मोबाईलमधे (खरं सांगते). घरी येऊन वरणाला फोडणी देताना एक मोहरी तडतडून हातावर उडाली, नीट बघितली, टाचणीच्या डोक्याएवढी.. अन आठवलं, आईच्या ऑपरेशनच्या रात्री बाकावर बसून प्रार्थनाच सुचेना, फक्त "प्रभू, तू आहेस ना?" एवढंच, तेही शंकेनेच. मार्क 9:24 मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप पण असाच, विश्वास आहे म्हणतो अन लगेच अविश्वासासाठी मदत मागतो, मला फार जवळचा वाटतो तो. आता रोज चहा उकळेपर्यंत बोलते प्रभूशी, आज तर शेजारच्या काकूंचा हात धरून मोठ्याने प्रार्थना केली, पूर्वी लाजच वाटायची. फोडणी मात्र करपली बरंका 😄