तुम्ही विचारलंत म्हणून: क्रोमवाल्यांनी व्हिटॅमिन सीची गोळी घ्यावी का?

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, हार्ड क्रोमच्या (धातूवर क्रोमचा कडक थर चढवायच्या) टाकीवर काम करणारी ओळखीची माणसं भेटली की हेच विचारतात. "ताई, व्हिटॅमिन सी क्रोमला मारतं म्हणे. मग रोज एक गोळी घेतली तर चालेल का ओ?"

मी प्रयोगशाळेत याच विषयावर काम करते. माझ्या मामांनी वीस वर्षं हायड्रॉलिकच्या रॉडना क्रोम चढवलं. क्रोमिक ॲसिडच्या तुषारांनी त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. ग्लासगोत १८९० मध्ये क्रोम रंगाच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या नाकातल्या कॅन्सरची नोंद छापली गेली. त्याच्याही पडद्याला भोक होतं. ती नोंद वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

टाकीतला क्रोमियम सहा संयुजेचा असतो. (स्टीलच्या ताटवाटीतला वेगळा, त्याला घाबरू नका.) त्याचा क्रोमेट आयन सल्फेटसारखा दिसतो, म्हणून पेशी त्याला सल्फेटच्याच वाटेनं आत घेते. आत व्हिटॅमिन सी त्याला तीन संयुजेचा करतं आणि तो डीएनएला चिकटतो. हीच क्रिया पेशीबाहेर झाली तर बरं, कारण तीन संयुजेच्या क्रोमियमला आत शिरणं फार अवघड. म्हणजे "मारतं" हे खरं, पण कुठे मारतं ते बघायला हवं.

हे कळायला उशीर झाला, त्याचं एक कारण प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या आमच्याच बशीत होतं. माणसाच्या पेशी व्हिटॅमिन सी स्वतः बनवत नाहीत, आणि आम्ही त्यांना वाढवतो त्या द्रवात ते बहुधा नसतंच. त्यामुळे बशीतल्या पेशींत ते जवळपास उरत नाही. शरीरात असतं तेवढं पेशींना दिल्यावर तेवढ्याच क्रोमियमनं डीएनएची नासाडी कितीतरी वाढली. आधीचे कित्येक प्रयोग धोका कमी दाखवत होते.

म्हणून गोळीवर विसंबू नका. आवळा, पेरू खुशाल खा, ते शरीराला लागतंच. पण फुप्फुसात जाणारे तुषार टाकीवरच अडवायला हवेत: कडेला ओढणारा एक्झॉस्ट, तुषार दाबणारं रसायन, नीट बसणारा मास्क, भाकरीआधी धुतलेले हात. एक्झॉस्ट बंद असेल तर मालकाला सांगा, आणि तो सुरू होईपर्यंत रॉड टाकीत सोडू नका.

मामांचा मुलगा आता त्याच कामावर आहे. बेळगावला गेले की मी आधी त्याच्या टाकीपाशी जाते आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरून बघते.