तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरचं पोरगं विलायतेत खासदार होऊ शकतं का?

पोरगं शिकायला नाहीतर नर्सिंगच्या नोकरीवर इंग्लंडला गेलं की सोलापुरात कुणीतरी विचारतंच: "तिकडं आपल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येतं का? का आधी त्यांचा पासपोर्ट घ्यावा लागतो?"

ब्रिटनपुरतं उत्तर आहे, पासपोर्ट लागत नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे रीतसर राहणारा भारतीय नागरिक, अगदी स्टुडंट व्हिसावरचासुद्धा, मतदारयादीत नाव घालून पार्लमेंटसाठी मत देऊ शकतो. उभं राहायचं तर वय 18 पूर्ण हवं आणि मुदतीच्या व्हिसाऐवजी कायम राहण्याचा परवाना हवा. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात मात्र नागरिकत्व घ्यावंच लागतं. ऑस्ट्रेलियात तर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व शिल्लक निघालं तर मिळालेली खासदारकीही जाते. 2017 साली उपपंतप्रधान बार्नबी जॉयस यांची अशीच गेली. वडिलांमुळे ते न्यूझीलंडचेही नागरिक ठरले होते. आपला माणूस या खड्ड्यात सहसा पडत नाही, कारण परदेशी नागरिकत्व स्वीकारलं की आपल्या 1955 च्या कायद्याने भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं.

ब्रिटनमध्ये अर्ज भरणं सोपं आहे. मतदारसंघातल्या 10 मतदारांच्या सह्या आणि 500 पौंड डिपॉझिट. 5 टक्क्यांहून जास्त मतं पडली की पैसे परत. आपल्याकडे त्यासाठी एक षष्ठांशाच्या वर मतं लागतात. (सोलापूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव, त्यामुळे इथे डिपॉझिट 25,000 ऐवजी 12,500. ब्रिटनमध्ये राखीव मतदारसंघ हा प्रकारच नाही.) अर्ज बाद होतो तो बहुतेक सह्यांपायी. सही करणारा शेजारच्या मतदारसंघातला निघतो, नाहीतर त्याने आधीच दुसऱ्या उमेदवाराला सही दिलेली असते. म्हणून जाणकार वेगळ्या 10 जणांच्या सह्यांचा दुसरा अर्ज तयार ठेवतात आणि निवडणूक कार्यालयातून तो आधीच नजरेखालून घालून घेतात.

खरं घोडं अडतं ते तिकिटापाशी. दादाभाई नौरोजींची गोष्ट शाळेत एका ओळीत उरकतात, पण तिकिटाचं गणित त्यांच्याच कारकिर्दीत नीट कळतं. 1855 साली ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि पुढे स्वतःचा कापसाचा व्यापार काढला. हा पैसा महत्त्वाचा, कारण ब्रिटिश खासदारांना 1911 पर्यंत पगारच नव्हता. 1886 साली लंडनच्या होबर्न मतदारसंघात ते लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. निवडणूक तोंडावर आलेली, मतदारसंघ अनोळखी, जागा विरोधकांची. पडले. मग त्यांनी सेंट्रल फिन्सबरी धरला. क्लार्कनवेलच्या घड्याळ-कारागिरांचा हा भाग. इथे त्यांचं भांडण आधी स्वतःच्याच पक्षातल्या दुसऱ्या इच्छुकाशी झालं आणि ते काही वर्षं मिटलं नाही. मधल्या काळात, 1888 साली, पंतप्रधान सॉल्सबरी यांनी "काळ्या माणसाला" इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत, अशा अर्थाचं भाषण ठोकलं. त्याने दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. असली फुकटची जाहिरात पैसे टाकून मिळत नाही. दादाभाई भारताबद्दल बोलायचेच, पण फिन्सबरीत आयर्लंडच्या स्वराज्याबद्दल आणि बायकांच्या मताधिकाराबद्दलही बोलायचे. 1892 साली ते अवघ्या 5 मतांनी निवडून आले. 1895 साली लिबरलांची देशभर धूळधाण झाली, त्यात तेही गेले.

आजचं उदाहरण हवं तर सोजन जोसेफ घ्या. केरळचा माणूस, मानसिक आरोग्य विभागातला नर्स. आधी ॲशफर्डमध्ये नगरसेवक, मग 2024 साली तिथूनच लेबर पक्षाचे खासदार. पाडलं कुणाला, तर 1997 पासून ती जागा राखून असलेल्या डेमियन ग्रीन यांना, दोन हजारांच्या आतल्या फरकाने. बाहेरून आलेल्यांनी निवडून येणं सोलापूरकरांना अनोळखी नाही. तेलंगणातून मागावर आलेल्या विणकर समाजातले गंगाधर कुचन 1980 आणि 1984 साली इथूनच लोकसभेत गेले.

तेव्हा नगरसेवकाची पायरी चुकवू नये. तिकडे मोठ्या पक्षांचं तिकीट बहुतेक वेळा स्थानिक सभासदांच्या मतावर ठरतं, आणि त्यांना दारोदार पत्रकं वाटताना दिसलेला माणूस हवा असतो. मतदानाआधी थोडेच दिवस सभासद झालेल्याला अनेकदा या निवडीत मतही देता येत नाही, त्यामुळे सभासदत्व लवकर घेतलेलं बरं. नगरपालिकेच्या उमेदवारीला इंग्लंडमध्ये डिपॉझिट नाही. एक सूचक, एक अनुमोदक पुरतो. वय 18 आणि कायम राहण्याचा परवाना इथेही लागतो. शिवाय त्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव हवं किंवा गेलं वर्षभर तिथे राहणं, काम करणं वा घर-जागा असणं दाखवता यायला हवं. आणि त्या पालिकेत पगारी नोकरी असेल तर तिथे उभं राहता येत नाही. तिथल्या शाळेत नोकरी धरतानाही पगार कोण देतं ते आधी बघून घ्यावं.