सगळ्या पक्षांच्या सह्या एका कागदावर, माझा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीने निवडणुकीतल्या कंपन्यांच्या पैशाविरुद्ध थेट लोकसभेला याचिका पाठवली, 64 सह्या, आणि त्यात भाजपवाले आहेत, काँग्रेसवाले आहेत, दोन्ही शिवसेना, दोन्ही राष्ट्रवादी, मनसे सगळे आहेत. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बाँड, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायचे रोखे, रद्द केले आणि 14 मार्चला निवडणूक आयोगाने ते कुणी घेतले आणि कुठल्या पक्षाने वटवले त्याच्या याद्या टाकल्या. मी शिवणकाम करते, त्या रात्री मशीन बंद करून मोबाईलवर पीडीएफ उघडली आणि दोन वाजेपर्यंत बघत राहिले, 1 कोटी, 1 कोटी, 1 कोटी, पानंच्या पानं. झोपच लागली नाही.

सकाळी खाली बाकड्यावर विषय काढला तर भांडण सुरू. काका पक्के भाजपचे, ते म्हणाले काँग्रेसने घेतले नाहीत का, भाऊ काँग्रेसचे, ते म्हणाले सगळ्यात जास्त कुणी घेतले ते बोला आधी. पंधरा दिवस हेच. शेवटी वहिनींनी मार्ग काढला, म्हणाल्या दुसऱ्याच्या पक्षाचं कुणी वाचायचं नाही, ज्याने त्याने आपल्याच पक्षाचा आकडा मोठ्याने वाचायचा. रविवारी सगळे जमले. काकांनी वाचलं, एप्रिल 2019 ते जानेवारी 2024, 6,060 कोटी. भाऊंनी वाचलं 1,421 कोटी. मग बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.

पहिले काकाच बोलले. त्यांचं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट होतं, चार मशीन, ते म्हणाले मला साधा विजेचा लोड वाढवून घ्यायला किती चकरा माराव्या लागल्या आणि हे लोक कोटीकोटी देतात ते काय फुकट देत असतील का, माझ्यासारख्याचं कोण ऐकणार मग. मला तेव्हा कळलं की हा मुद्दा डाव्या-उजव्याचा नाहीच आहे, ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत तो प्रत्येकजण यात मागे पडतो, छोटा कारखानदारसुद्धा.

लोकसभेची निवडणूक चालू होती, 20 मे ला नाशिकचं मतदान, त्या काळात विषय काढायचाच नाही असं ठरवलं आणि ते बरं झालं. खरं काम गणपतीत झालं, मंडपात रोज संध्याकाळी टेबल टाकून बसलो.

लोकसभेच्या नियमात याचिकेचा ठरलेला नमुना आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात तीन मागण्या होत्या. एक, उमेदवाराला आपल्याकडे लोकसभेला 95 लाखांची मर्यादा आहे पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, ती घाला. दोन, मोठ्या देणगीदारांची नावं मतदानाच्या आधी लोकांना कळू द्या, वर्ष उलटून गेल्यावर नाही. तीन, पक्ष माहितीच्या अधिकारात आणा. ही तिसरी काढावी लागली, कारण केंद्रीय माहिती आयोगाने 2013 लाच सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू होतो असं सांगितलंय पण तो विषय आता सुप्रीम कोर्टात आहे आणि कोर्टात असलेल्या गोष्टीवर याचिका चालत नाही. भाऊंना ते फार लागलं, त्यांची तीच मागणी होती, तरी ते रोज टेबलावर येत राहिले.

भाषा सभ्य आणि संयमी पाहिजे असा नियमच आहे. मसुद्यात कुणीतरी लुटारू, दलाल असे शब्द घातले होते, ते खोडले, आणि खरं सांगते, ते गेले म्हणूनच पुढच्या निम्म्या सह्या आल्या, कारण आपल्या नेत्याला शिवी असलेल्या कागदावर कोण सही करेल. मराठीत लिहिलं तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, ते वहिनींच्या मुलीने हिंदीत केलं. पण दुसरं कुठलंही कागदपत्र जोडायचं नाही. आम्ही बाँडच्या याद्यांचा एवढा मोठा गठ्ठा झेरॉक्स करून ठेवला होता, सगळा घरी राहिला.

पहिल्या दोन दिवसांच्या सह्या वाया गेल्या. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो आणि आम्ही नुसत्या सह्या घेतल्या होत्या, मग परत दारोदार फिरलो, जिने चढून उतरून पाय गेले. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. तळमजल्यावरच्या आजींनी अंगठा दिला आणि विचारलं, "हे दिल्लीला वाचतील ना?" मी म्हटलं आजी, पाठवणं आपल्या हातात आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी आला. याचिका खासदार सभागृहात मांडू शकतात, पण ज्या खासदाराकडे जाऊ त्याच्या पक्षाची ती होणार आणि बाकीचे सह्या मागे घेणार, हे काकांनीच सांगितलं, त्यांच्याच पक्षाबद्दलसुद्धा. मग नियमातला दुसरा रस्ता घेतला, थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवायचा. काका आणि भाऊ एकाच स्कूटरवर बसून पोस्टात गेले, रजिस्टर केलं.

उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टाची पावती माझ्याकडे आहे आणि कोरा नमुना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादाकडे ठेवलाय, शेजारच्या सोसायटीतल्या ताईंनी परवाच पाच प्रती नेल्या.