कुणबी साडीचा माग घेताना : कोलवाळ ते केपे

महाराष्ट्रातून गोव्याला येणाऱ्यांच्या यादीत मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्याची चर्च आणि समुद्रकिनारे ठरलेले असतात. हातमाग मात्र सहसा नसतो. तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेघांच्या बारीक चौकटी असलेली कुणबी साडी ही खास गोव्याची वस्त्रपरंपरा आहे. ती चौकट आता पिशव्यांवर, जॅकेटांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि हॉटेलांतील टेबलांवरही दिसू लागली असली, तरी हे कापड विणते कोण, किती वेळात विणते आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे ते विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. या प्रश्नांची उत्तरे मागावर बसलेल्या बायकांकडूनच ऐकावीत, या हेतूने मी आणि माझी वहिनी फोंड्याहून निघालो. वहिनी शिवणकाम करते आणि कापड हातात घेताच त्याचे सूत ओळखते. तिच्या सोबतीचा या प्रवासात फार उपयोग झाला.

पहिला मुक्काम उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या कोलवाळचा. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गावातील आपले जुने घर गोव्याच्या वेशभूषेच्या संग्रहालयासाठी दिले आणि तेथे ‘मोडा गोवा’ हे संग्रहालय उभे राहिले. २०१० मध्ये दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये त्यांनी कुणबी साडीवर आधारलेला संग्रह सादर केला आणि त्यानंतर या साडीकडे देशाचे लक्ष गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. एखाद्या नामवंत डिझायनरने हात लावल्यावरच आपल्या घरातील वस्तूची किंमत आपल्याला कळावी, याचे मला वाईट वाटते. पण ते काम त्यांनी मनापासून केले, हेही तितकेच खरे आहे. हातमाग पाहायला दक्षिण गोव्यातील केपेला जाण्यापूर्वी कोलवाळला अवश्य जावे, कारण ख्रिस्ती घरांतील स्त्रियांचा पानो-भाजू हा पारंपरिक पोशाख आणि शेतात राबणाऱ्या कुणबी स्त्रीची साडी यांचा एकत्र विचार केला की कापडातून समाज कसा वाचता येतो हे लक्षात येते.

कुणबी साडीची जुनी नेसण मुळात कामासाठी आहे. पन्हा आखूड असल्यामुळे साडी पोटरीपर्यंतच येते आणि चिखलात भाताची लावणी करताना भिजत नाही. पदर खांद्यावर घेऊन त्याची गाठ मारली की दोन्ही हात मोकळे होतात. पूर्वी या नेसणीसोबत चोळी नसे. शिवण नाही, बटण नाही, कात्री नाही, म्हणून वाया जाणारी चिंधीही नाही. साडी विरली की तिचे तुकडे घरातल्या वाकळीत जात. आज ‘शाश्वत फॅशन’ या नावाखाली ज्या गोष्टींवर परिसंवाद भरतात, त्यांतील बऱ्याचशा या नेसणीत आधीपासूनच होत्या. म्हणून या साडीपासून स्फूर्ती घेणाऱ्यांनी तिची चौकट उचलण्याआधी हा काटकसरीचा हिशेब उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजमाप नीट बसवून, कापड न कापता किंवा कमीत कमी कापून केलेला अंगरखा या परंपरेच्या जवळचा आहे. पॉलिएस्टरवर छापलेली तांबडी चौकट तिच्या जवळचीही नाही आणि शाश्वतही नाही.

केपे तालुक्यातील एका गावात बायकांचा गट हातमाग चालवतो. आधी निरोप पाठवून आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा दोन माग चालू होते आणि तिसऱ्यावर सांधणी चालली होती. जुन्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, शेवटचे टोक फणीत (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या भागात) आणि वह्यांमध्ये (उभे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांमध्ये) तसेच ठेवायचे आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडायचा, म्हणजे सगळे धागे पुन्हा ओवावे लागत नाहीत. इंचाला साधारण ६० धागे धरले, तरी ४५ इंचांच्या पन्ह्याला २,७०० धागे होतात, म्हणजे तितक्याच गाठी. सांधणीला बसलेल्या काकींनी मान वर न करताच वहिनीला म्हटले, “बस गो बाय, हें सांदून घेतां आनी मागीर उलोवया.” (हे सांधून घेते, मग बोलू.) त्यांच्या अंगठ्याची आणि तर्जनीची हालचाल इतकी जलद होती की गाठ कधी बसली ते आम्हाला कळत नव्हते. बोटाला थोडी राख लावायची, दोन धाग्यांची टोके चिमटीत पिळायची, पीळ मोडून वळवायचा आणि हलकेच ओढून पाहायचे. ओढताना सुटली तर तीच गाठ पुन्हा.

शेजारच्या मागावर एक तरुण मुलगी चौकट विणत होती. तिच्याजवळ आडवा धागा नेणारे दोन धोटे होते, एकात तांबड्या सुताची कांडी आणि दुसऱ्यात पांढऱ्या. उभ्या धाग्यांतील पांढऱ्या रेघा ताणा भरतानाच ठरलेल्या असतात, आडव्या रेघा मात्र विणणारीने मोजून टाकायच्या असतात. तांबडे बाणे, म्हणजे आडवे धागे, मोजून झाले की धोटा बदलायचा, पांढरे दोन टाकायचे आणि पुन्हा तांबडा घ्यायचा. सारी मेख फणीच्या ठोक्यात आहे. ठोका हलका पडला की चौकट उभट होते आणि जोराचा पडला की बसकी. दुपारी थकवा आला की हात हलका पडतो, म्हणून ती बोटभर पुठ्ठ्याचे माप जवळ ठेवते आणि दर वीतभर कापडानंतर चौकटीवर लावून पाहते. वहिनीने विणलेल्या भागावरून हात फिरवला आणि सकाळचा भाग कुठे संपून जेवणानंतरचा कुठे सुरू झाला हे बरोबर दाखवले. ती मुलगी मनापासून हसली. इंचाला ५० बाणे धरले, तर साडेपाच मीटरच्या साडीसाठी धोटा १०,००० हून अधिक वेळा या हातातून त्या हातात जातो. हा हिशेब त्या मागाशेजारी उभे राहून केल्यावर दुकानातील किमतीवर घासाघीस करण्याची इच्छाच उरत नाही.

बायकांशी बोलताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मागावर बसणारीचे श्रम सर्वांना दिसतात, पण कांड्या भरणे, सुताला खळ लावणे, ताणा काढणे आणि सांधणी ही कामे करणारीचे श्रम अनेकदा ‘मदत’ या नावाने हिशेबाबाहेर राहतात. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात हातमाग विणकर आणि पूरक काम करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. असे असूनही पूर्वतयारीच्या कामाला वेगळा दर नसेल, तर सुती कापड कितीही निसर्गस्नेही असले तरी तो व्यवहार टिकाऊ म्हणता येणार नाही. या गटाने सांधणीचा आणि कांड्यांचा दर स्वतंत्रपणे ठरवला आहे, ही मला तिथे सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. जिथे जाल तिथे हा एक प्रश्न जरूर विचारा : ताणा कोण भरते आणि तिला काय मिळते? उत्तर सरळ आले, तर पुढची खरेदी निःशंकपणे करावी.

खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण फसगत इथेच होते. ‘कुणबी’ म्हणून बाजारात येणारे बरेचसे कापड यंत्रमागाचे आणि बाहेरच्या राज्यांतले असते. १९८५ च्या कायद्याने साडीसह काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत, तरीही नक्कल थांबलेली नाही. २००६ पासून दिले जाणारे हातमाग चिन्ह कापडावर आहे का ते पाहावे, पण लहान गटांच्या मालावर ते नसले म्हणून कापड खोटे ठरत नाही. काठाशी ठरावीक अंतरावर बारीक टोचल्याच्या खुणा दिसतात. कापड ताणून धरण्यासाठी मागावर काठ्या लावतात, त्यांच्या टोकांच्या त्या असतात. पाच-सहा ठिकाणच्या चौकटी मापून पाहाव्यात. एखाद्या धाग्याचा फरक हाताने विणलेल्या कापडात असणारच. कापड उलटून पाहिले की छपाई लगेच उघडी पडते, कारण विणलेली चौकट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. सुताचा काउंट विचारावा. आकडा जितका मोठा, तितके सूत बारीक. कोणी नैसर्गिक रंग म्हणून अधिक दाम मागत असेल, तर तांबडा रंग नेमका कशापासून केला ते विचारावे. रासायनिक रंग वापरले म्हणून कापड टाकाऊ होत नाही. घातक अॅझो रंगांवर आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली आहे, तेव्हा सूत कुठे रंगवले आणि ते बंदी नसलेल्या रंगांतले आहे का, एवढे कळले तरी पुरे.

या साडीला एका समाजाचे नाव आहे, हेही ध्यानात ठेवावे. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्यांच्या अंगावरचे कापड शहरी फॅशनमध्ये मिरवत असताना त्याच समाजातील मुली मागावर बसल्या, आराखडे त्यांनी काढले आणि भाव त्यांनी सांगितला, तर त्या स्फूर्तीला अर्थ आहे. फोटो काढण्याआधी विचारावे. वृद्ध स्त्रियांना खांद्यावरची गाठ दाखवण्यासाठी साडी नेसून उभे राहायला सांगणे मला अजिबात योग्य वाटत नाही. त्यांनी आपण होऊन दाखवली तर गोष्ट वेगळी.

आता जाण्यायेण्याचे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी कोलवाळसाठी थिवीला आणि केपेसाठी मडगावला उतरावे. विमानाने यायचे असल्यास मोपा विमानतळ कोलवाळला जवळ पडतो, दाबोळी मडगावला. म्हापशाहून कोलवाळला बस मिळते. शुक्रवारी गेलात तर म्हापशाचा बाजारही होतो, मात्र त्या दिवशी गर्दी फार असते. मडगावहून केपेपर्यंत बसची सोय चांगली आहे, पण केप्याच्या पुढे आतल्या गावांत जायला भाड्याची दुचाकी किंवा ठरवलेली गाडी लागते, आणि गाडीचे भाडे निघण्यापूर्वीच पक्के करावे. दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकू नयेत. उत्तर गोवा एक दिवस, दक्षिण गोवा दुसरा. दुपारी एक ते चार गोव्यात बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा मागाजवळ सकाळीच पोहोचावे; उजेडही चांगला असतो. संग्रहालयाच्या वेळा निघण्यापूर्वी फोन करून विचाराव्यात. जून-जुलैमध्ये बायका लावणीला शेतात असतात आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आसपास माग बंदच असतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पौषात गेलात तर गावच्या मांडावर (सार्वजनिक अंगणात) बायकांची धालो ही नाचगाणी चालू असतात आणि रात्री उशिरापर्यंत जागलेल्या बायका सकाळी मागावर उशिरा येतात, हे गृहीत धरून वेळ ठरवावी.

साडी घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन धुण्यांत तांबडा रंग थोडा सुटतो, म्हणून ती वेगळ्या बादलीत थंड पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी. आपल्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या सुती साडीला बुरशी लागते. जुन्या मलमलीत गुंडाळावी आणि घडी अधूनमधून बदलावी. तयार साड्या गटाकडे मोजक्याच असतात, त्यामुळे मनासारखी हवी असल्यास मागणी नोंदवावी लागते. मागणी देताना लांबी, पन्हा, ब्लाउजपीस हवा की नको, काठाचा रंग आणि चौकटीचे माप लिहून द्यावे, सुतासाठी आगाऊ रक्कम द्यावी आणि लग्नकार्यासाठी हवी असेल तर किमान दोन-तीन महिने आधी सांगावे. एका ताण्यावर एकाच रंगसंगतीच्या अनेक साड्या निघतात, म्हणून चार मैत्रिणींनी मिळून एकच मागणी दिली तर गटाचा ताण्याचा खर्च भरून निघतो आणि साड्याही लवकर हाती येतात.