डायनोसॉर चालले, आकडे नाही चालले

आईला फोनवर सांगितलं, आमच्याकडे टेक्सासात शिक्षण मंडळाची निवडणूक आहे. ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे बालभारतीची?"

"साधारण तसंच समज."

"आणि त्याला लोक मतं देतात?"

"देतात ना. पक्षाच्या तिकिटावर."

पलीकडून नुसतंच "अगंबाई" आलं. आई साताऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्या नोकरीत तीन-चारदा पुस्तकं बदलली. दरवेळी वरून आली, तिने कव्हरं घातली आणि शिकवली. वर म्हणजे कुठे आणि कोण, हे विचारायची तिला कधी गरजच वाटली नाही. त्यामुळे पुस्तकात काय असावं हे ठरवणारा माणूस दारोदार मतं मागत फिरतो, ही कल्पनाच तिला गमतीची वाटली. मलाही आधी वाटली होती.

ही गोष्ट २०१६ ची आहे. आम्ही तेव्हा टायलरला नवीन होतो. टायलर म्हणजे पूर्व टेक्सासातलं गुलाबांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. डॅलसपासून गाडीने दीड तास. नवऱ्याची नोकरी इस्पितळात, मुलगी पहिलीत. कोपऱ्या-कोपऱ्यावर चर्च आणि चांगली तूरडाळ हवी असेल तर थेट डॅलस. मार्च आला की इथे अझेलिया फुलते, रस्तेच्या रस्ते गुलाबी होतात, आणि त्या गुलाबी झुडपांच्या मधे उगवतात निवडणुकीच्या पाट्या. तारेच्या चौकटीवर अडकवलेल्या, अंगणातल्या हिरवळीत खोचलेल्या. आपल्याकडे फ्लेक्स लागतो तो भाऊंचा किंवा दादांचा, रस्त्यात. इथे माणूस स्वतःच्या अंगणात पाटी लावतो, म्हणजे शेजाऱ्यांसमोर जबान देतो.

आमच्या शेजारच्या आजींच्या अंगणात पाटी होती मेरी लू ब्रुनर यांची.

ब्रुनरबाई आमच्याच भागातल्या, मिनिओला गावच्या. निवृत्त बालवाडी शिक्षिका, सत्तरीला टेकलेल्या, रिपब्लिकन, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतीत कडव्या. टेक्सासच्या राज्य शिक्षण मंडळाच्या ९ क्रमांकाच्या जागेसाठी त्या उभ्या होत्या. त्यांच्या फेसबुकवरच्या जुन्या पोस्टी बाहेर आल्या आणि एका रात्रीत त्या देशभर गाजल्या. बायबलमधल्या महापुरात प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या नोहाच्या तारवात, म्हणजे नावेत, डायनोसॉरही होते, पण लहान पिल्लं, कारण मोठे मावले नसते. पूर ओसरल्यावर त्यांना खायला झाडपाला उरला नाही, म्हणून ते संपले. हवामानबदल हे थोतांड, आणि मूळ कल्पना कार्ल मार्क्सची. (मार्क्सला काय काय करायला लावतात लोक.) केनेडींच्या खुनामागे त्यांच्याच पक्षातले लोक. ओबामांच्या तरुणपणाबद्दल तर असं काही लिहिलं होतं की आईला फोनवर सांगता आलं नाही, इथेही लिहीत नाही.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मी ती कात्रणं पाठवली आणि आम्ही पोटभर हसलो. १ मार्चला प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा, निकाल लागला. तीन उमेदवारांत ब्रुनरबाईंना ४८ टक्के. दोन टक्के आणखी मिळाले असते तर उमेदवारी तिथेच खिशात होती. आमचा भाग इतका एकगठ्ठा रिपब्लिकन की प्रायमरी जिंकली म्हणजे जागा जिंकली, नोव्हेंबरचं मतदान नुसता सोपस्कार. माझं हसू तिथे थांबलं. पहिलीतल्या मुलीचं दप्तर दारात पडलेलं होतं.

आता हे मंडळ काय चीज आहे ते सांगते, नाहीतर एवढा घोर का लागला ते कळायचं नाही. १५ सदस्य, चार-चार वर्षांची मुदत, पगार शून्य. प्रवासखर्च तेवढा मिळतो. आणि मतदारसंघ? २०१० च्या जनगणनेप्रमाणे एकेकाच्या वाट्याला जवळपास १७ लाख माणसं, म्हणजे वॉशिंग्टनला जाणाऱ्या खासदाराच्या मतदारसंघाच्या दुपटीहून जास्त. आमच्या ९ नंबरात तेव्हा ३१ काउंट्या यायच्या, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. बिनपगारी माणूस एवढ्या मुलखात कुणाकुणाला भेटणार? त्यामुळे होतं असं की बहुतेकांना उमेदवाराचं नावही ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते चर्चमधून किंवा पक्षाच्या गटातून कळलेलं असतं. हे लोक कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं त्याची यादी ठरवतात, पुस्तकं मंजूर करतात. टेक्सासचं गिऱ्हाईक मोठं, म्हणून प्रकाशकही वर्षानुवर्षं इकडे बघून पुस्तकं लिहीत आले. २०११ पासून शाळांना आपापली पुस्तकं निवडायची मोकळीक मिळाली आणि तो धाक थोडा कमी झाला, गेला मात्र नाही.

आमच्या या जागेला इतिहासही आहे. ब्रुनरबाईंच्या आधी इथून डॉन मॅकलेरॉय निवडून यायचे. पेशाने दातांचे डॉक्टर, श्रद्धेने पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणारे. २००७ मध्ये ते मंडळाचे अध्यक्ष झाले. २००९ मध्ये विज्ञानाच्या अभ्यासक्रमावर वाद पेटला असताना भर बैठकीत म्हणाले की तज्ज्ञांपुढे कुणीतरी उभं राहायला हवं. त्याच वर्षी राज्याच्या सिनेटने त्यांचं अध्यक्षपद कायम करायला नकार दिला, आणि २०१० च्या प्रायमरीत थॉमस रॅटलिफ यांनी त्यांना निसटत्या मतांनी पाडलं. रॅटलिफही रिपब्लिकनच. इथली खरी मारामारी दोन पक्षांत नसतेच, एका पक्षाच्या दोन खोल्यांत असते. २०१६ मध्ये रॅटलिफ यांनी जागा सोडली आणि ब्रुनरबाई आल्या.

प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, म्हणजे रनऑफ, २४ मेला होता. समोर केव्हन एलिस, लफ्किनच्या स्थानिक शाळा मंडळाचे अध्यक्ष, व्यवसायाने कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणारे. चर्चला तेही जाणारे, कॉन्झर्व्हेटिव्ह तेही. फरक एवढाच की त्यांच्याबद्दल पाठवायला कात्रणं नव्हती.

मे महिन्यात ब्रुनरबाई पूर्व टेक्सासातल्या शाळांच्या सुपरिंटेंडंटांसमोर बोलायला गेल्या. सुपरिंटेंडंट म्हणजे गावच्या सगळ्या शाळांचा कारभार बघणारा माणूस. आपल्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा, फक्त त्याला नेमतं स्थानिक मंडळ. तिथे बाईंनी विशेष शिक्षण घेणाऱ्या, म्हणजे अपंगत्वामुळे शाळेत वेगळी मदत लागणाऱ्या, मुलांचं प्रमाण भलतंच फुगवून सांगितलं. समोर बसलेले लोक तेच आकडे दरवर्षी सही करून पाठवणारे. त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. बाई मागे हटेनात. मग टायलरच्याच एका टी पार्टी गटाने, म्हणजे कडव्या उजव्या मंडळींच्या गटाने, ज्याने आधी त्यांना पाठिंबा दिला होता, पुरावा मागितला. तो मिळाला नाही, तसा त्यांनी पाठिंबा काढून घेतला. डायनोसॉर चालले होते, ओबामांवरची घाण चालली होती. आकड्यावर अडलं.

एके सकाळी मुलीला बसपर्यंत सोडायला गेले तर आजींच्या अंगणातली पाटी नव्हती. चौकट तशीच उभी, पाटी काढलेली.

लगेच विचारलं नाही. इथे राजकारण आणि पगार विचारत नाहीत. जूनमध्ये आजींनी पर्पल हल पीजची बादली आणली. ही म्हणजे आपली चवळीच, फक्त शेंग जांभळी. व्हरांड्यात बसून आम्ही सोलायला घेतल्या. अर्ध्या तासात अंगठ्याचं नख जांभळं होतं आणि दोन दिवस जात नाही. एलिस तोवर ५९ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले होते. मी हळूच विषय काढला.

आजी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात, हे मला माहीत होतं. पोटापाण्यासाठी त्यांनी पंचवीस वर्षं सरकारी शाळेच्या कचेरीत काम केलं होतं, हे तेव्हा कळलं. हजेरी, पटसंख्या, दाखले, तक्ते. त्या म्हणाल्या, "नोहाच्या तारवात कोण होतं ते मी वर गेल्यावर विचारून घेईन, हनी. पण शाळेत कुठल्या वर्गात किती मुलं, ते मला विचारायचं. मी मोजलीयत ती." मग एक शेंग मोडून म्हणाल्या, "ब्लेस हर हार्ट."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आशीर्वाद आहे. तसं नाही. आपल्याकडे "बिचारी, साधी आहे हो" असं ज्या सुरात म्हणतात ना, तोच सूर.

('तारू' हा शब्द माझ्या नगरच्या मैत्रिणीचा. तिच्या घरी मराठी बायबल होतं. अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये नगरला येऊन बसले, त्यांच्या मागोमाग ही सगळी गोष्ट आपल्या भाषेत रुळली. म्हणून मला इथे आल्यावर नोहा परका नव्हता. नवीन होते ते डायनोसॉर.)

त्या दिवशी मला लाँगव्ह्यूच्या गेबलर नवरा-बायकोंची आठवण झाली. लाँगव्ह्यू आमच्यापासून तासाभरावर. मेल आणि नॉर्मा गेबलर यांनी १९६१ मध्ये मुलाचं पाठ्यपुस्तक उघडलं, ते त्यांना पटलं नाही, आणि पुढची चार दशकं ती दोघं पुस्तकंच तपासत राहिली. मतं ब्रुनरबाईंपेक्षा फार वेगळी नव्हती. उत्क्रांतीला विरोध, देशाचं आणि ख्रिस्ताचं गौरवगान हवं. पण ती माणसं ओळ न् ओळ वाचायची. ९० च्या दशकाच्या सुरुवातीला इतिहासाच्या पुस्तकांत त्यांनी इतक्या ढळढळीत चुका दाखवल्या की प्रकाशकांना दंड झाला. पदवी नाही, पद नाही, तरी सुनावणीला नॉर्माबाई उभ्या राहिल्या की प्रकाशक वह्या उघडायचे म्हणतात. त्यांच्या मतांशी माझं जमणार नाही. पण भीती वाटावी तर अशांची वाटावी, हे मला चवळी सोलताना कळलं.

कडू भाग पुढेच आला. २०१६ च्याच सप्टेंबरमध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राने छापलं की टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ पासून विशेष शिक्षणाला एकूण विद्यार्थ्यांच्या ८.५ टक्क्यांची अघोषित मर्यादा घातली होती. देशाची सरासरी १३ टक्क्यांच्या घरात. म्हणजे गरज असलेली मुलं बाहेरच ठेवली जात होती. २०१८ मध्ये केंद्रानेही कायदा मोडल्याचा ठपका ठेवला. ब्रुनरबाईंचा आकडा चुकीचा होता, आणि ज्यांनी तो खोडला त्यांच्या हातातला बरोबर आकडासुद्धा असा तयार झालेला. आजींना हे सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ब्रुनरबाई हरल्या तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, हुश्श, सुटलात. मलाही वाटलं. पण २०२४ च्या मार्चमध्ये फोर्ट वर्थकडच्या जागेवर पॅट हार्डी पडल्या. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, रिपब्लिकन, दोन दशकांहून जास्त काळ मंडळावर. पाडलं त्यांना ब्रँडन हॉल नावाच्या तरुण पाद्र्याने. नोव्हेंबरमध्ये, जाता जाता, हार्डीबाईंनी ब्लूबॉनेट लर्निंग या नव्या पाठ्यक्रमाविरुद्ध मत दिलं. तरी तो ८ विरुद्ध ७ ने मंजूर झाला. पाचवीपर्यंतच्या वाचनात बायबलमधल्या गोष्टी: बालवाडीत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला सुवर्णनियम (लोकांनी आपल्याशी वागावं तसं आपण त्यांच्याशी वागावं), पाचवीत दा विंचीच्या चित्राच्या निमित्ताने येशूचं शेवटचं भोजन. सक्ती नाही. वापरला तर दर मुलामागे शाळेला ६० डॉलरपर्यंत जास्त मिळतात. नाव हायवेच्या कडेला वसंतात फुलणाऱ्या निळ्या फुलाचं. तारवात डायनोसॉर कुठेच नाहीत. पाठवायला कात्रणंही नाहीत.

हे मी पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्याकडे असलं नाही." मी तिला आठवण करून दिली: एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, ते आपल्याला २०२३ मध्ये पेपरात वाचून कळलं. कुणी मतं मागितली नव्हती, कुणाचं मत ८ विरुद्ध ७ असं मोजलंही नव्हतं. इथे निदान सुनावणीला नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, विषय लग्नाच्या साड्यांवर गेला.

मत मला अजून नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही उभे आहोत, आणि ती रांग भारतीयांसाठी किती हलते ते तुम्हाला कुणीही सांगेल. शाळेचा पैसा घरपट्टीतून जातो, तो नियमित भरतो. मुलगी आता गाडी चालवायला शिकतेय. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात डार्विन आहे, मी पाहून ठेवलाय.

आजींनी त्या पाटीची तारेची चौकट फेकली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ती मला दिली. माझी कारली तिच्यावर चढतात. दर दोन वर्षांनी मार्च आला की आजी कुंपणावरून ओरडून विचारतात, "चौकट मोकळी आहे का गं?" मी म्हणते, वेल अजून वर आलेला नाही, हवी तर घेऊन जा. गेल्या खेपेला त्या नुसत्या हसल्या आणि घरात गेल्या. पाटी त्यांनी कुणाचीच लावली नाही.