बोटाच्या पेरावरचे माप

"स्टेरॉइड आहे ना, म्हणून अगदी टिकलीएवढंच लावते," असे मावशी आज म्हणाली आणि इसबाने लाल झालेल्या, खाजवून ओरखडलेल्या कोपराच्या लवणीत तिने क्रीमचा एक ठिपका टेकवला.

तिची भीती निराधार नाही. क्लोबेटासोलसारखे तीव्र औषध दीर्घकाळ लावले तर त्वचा पातळ होऊ शकते. चेहरा, पापण्या आणि जांघेत ते अधिक शोषले जाते, आणि चुकून नायट्यावर लावले तर खाज तात्पुरती कमी होते, पण बुरशी पसरत राहते. मात्र अपुरे औषध लावल्यानेही दाह शमत नाही, दुखणे रेंगाळते आणि तीच ट्यूब उलट अधिक काळ वापरावी लागते, हे तिला कुणी समजावून सांगितलेच नव्हते.

मी तिच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत क्रीमची रेघ काढून दाखवली. एवढे क्रीम साधारण ०.५ ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या, बोटांसह धरलेल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

कोणते क्रीम, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ही एवढीशी रेघ चिठ्ठी देतानाच रुग्णाच्या बोटावर काढून दाखवायला असा किती वेळ लागतो?